तासाला किती विमाने, हे कोण ठरवणार?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग साचले, आणि ठाण्यात तलावपाळीवर सकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या आमच्या मंडळींनी दोन दिवसांत निकाल देऊन टाकला की वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम अतिरेकी आहेत. हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, त्यांचा पहिला टप्पा १ जुलै २०२५ रोजी आणि दुसरा १ नोव्हेंबरला लागू झाला, म्हणजे माणसे जमवायला पावणेदोन वर्षे हाताशी होती, हा तपशील कोणाच्या गावीही नव्हता. सरकारनेही आधी नियमांत तात्पुरती सवलत दिली आणि मग कंपनीच्या वेळापत्रकात दहा टक्के कपात करायला लावली. क्रम उलटा असता तर बरे झाले असते, पण ते असो. त्याच ओघात गप्पा हवाई वाहतूक नियंत्रकांकडे, म्हणजे एटीसीकडे वळल्या. 'आता हे टॉवरवालेही घड्याळ लावून काम करू म्हणणार,' असे एकाने भाकीत केले. यंत्रे आणा म्हणजे माणसांची कटकट संपेल, हा दुसऱ्याचा उपाय होता आणि सगळे खासगी करा, हा तिसऱ्याचा. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर या विषयाची जी चर्चा होते, तीही या तीन वाक्यांच्या फारशी पुढे जात नाही.

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. एखाद्या विमानतळावर तासाला किती विमाने उतरावीत आणि किती उडावीत, हा आकडा धावपट्टी, टर्मिनल आणि हवामान यांच्याइतकाच माणसांवरही बांधलेला असला पाहिजे. त्या तासाला हेडसेट लावून बसायला पुरेशी झोप घेतलेले, त्या जागेचे रेटिंग, म्हणजे तिथे काम करण्याची परीक्षा देऊन मिळालेली परवानगी, असलेले किती नियंत्रक हजर आहेत, हे सक्तीने मोजावे; ते कमी असतील तर विमाने कमी करावीत, आणि कपात कशामुळे झाली हे प्रवाशाला स्पष्ट सांगावे. ओव्हरटाइम, रद्द केलेल्या रजा आणि दोन पोझिशन, म्हणजे दोन खुर्च्यांचे काम, एकाच माणसाकडे देणे, या तीन ठिगळांनी टंचाई झाकली जाते, तेव्हा ती नाहीशी होत नाही. फक्त वेळापत्रकातून उठून एका माणसाच्या डोक्यात जाऊन बसते.

विमानाशी माझा संबंध प्रवाशापुरता. माझी नोकरी गेली रेल्वेच्या एका कंट्रोल ऑफिसात, सेक्शन कंट्रोलर म्हणून. समोर मोठा चार्ट असे, आडव्या अंगाला वेळ, उभ्या अंगाला स्थानके, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ; कानाला फोन आणि हातात पेन्सिल. दोन रेघा कुठे एकमेकींना छेदतील, कोणती गाडी कोणत्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालायची, हे पुढचा तासभर डोक्यात फिरवत राहायचे. या कामाला सहा तासांची ड्यूटी असे, आठांची नव्हे, आणि त्यामागे इतिहास आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी रेल्वे कामगारांच्या तासांबाबत १९४७ साली जो निवाडा दिला, त्यातून कामाच्या स्वरूपाप्रमाणे वर्गवारी आली: सतत लक्ष एकवटून करायचे ते 'इंटेन्सिव्ह' काम, त्याला आठवड्याला सरासरी ४५ तास, 'कंटिन्युअस' कामाला ५४, आणि ज्यात मधे मोकळा वेळ मिळतो अशा कामाला ७५. पुढे हे तासही कमी झाले. पण देश नुकता स्वतंत्र होत असताना, हातात पैसा नसताना, एका मराठी न्यायाधीशाने हे मान्य केले होते की एका जागी बसून केवळ लक्ष देणे हेसुद्धा श्रम आहेत आणि ते मालगाडीचे डबे जोडण्याइतकेच माणसाला दमवतात. ऐंशी वर्षांनी आपण तलावपाळीवर त्याच मुद्द्यावर पुन्हा पहिल्यापासून वाद घालतो आहोत.

एका पावसाळी रात्री मला सोडवायला येणारा माझा रिलीव्हर आला नाही. दुसरी ड्यूटी मीच ओढली. पहाटे चारच्या सुमारास एका स्टेशन मास्तरांना मी एकाच मालगाडीची वेळ तीनदा विचारली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, 'साहेब, जरा चहा घेऊन या, मी थांबतो फोनवर.' तोवर मी ती मालगाडी मेलच्या पुढे सोडून बसलो होतो आणि मेल पंचवीस मिनिटे मागे रखडली. कोणाला खरचटलेही नाही; कारण चूक माझ्या चार्टवर झाली तरी खाली सिग्नल आणि रूळ-सिग्नल एकमेकांना बांधून ठेवणारे इंटरलॉकिंग होते. पुढचा ब्लॉक, म्हणजे रुळाचा पुढचा टप्पा, मोकळा नसेल तर सिग्नल लाल, आणि लाल म्हणजे गाडी उभी. रेल्वेची सगळी सुरक्षितता या एका सोयीवर उभी आहे की संशय आला की गाडी थांबवता येते. आकाशात ही सोय नाही. हवेतले विमान फार तर घिरट्या घालते, आणि तेही टाकीतल्या इंधनाच्या हिशोबाने. घिरट्या घालणाऱ्या प्रत्येक विमानामागे नियंत्रकाचे काम कमी होत नाही, वाढते. म्हणून माणसे कमी असल्याचा निर्णय विमान जमिनीवर असतानाच घ्यावा लागतो. तो तेव्हा घेतला नाही, तर नंतर घ्यायला जागाच उरत नाही.

विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मला मान्य आहे. टंचाई आजची नाही, वर्षानुवर्षांची आहे, आणि तरीही भारतात १२ नोव्हेंबर १९९६ नंतर दोन प्रवासी विमानांची हवेत टक्कर झालेली नाही. त्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते; पण दिल्लीकडे तेव्हा विमानाची उंची पडद्यावर दाखवणारे दुय्यम रडार वापरात नव्हते, वैमानिक सांगेल ती उंची खरी मानावी लागे, आणि येणारी-जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून जात. त्यानंतर रडार सुधारले, मार्गिका वेगळ्या झाल्या, टक्कर टाळणारे टीकॅस यंत्र विमानांत सक्तीचे झाले. हे सगळे यंत्रांनी आणि नियमांनी साधले, जादा माणसांनी नव्हे, असे कोणी म्हणाले तर तो खोटे बोलत नाही. मग माणसांचा एवढा आग्रह कशाला?

याचे उत्तर १ जुलै २००२ च्या रात्री मिळते. जर्मनीतल्या उबरलिंगेनच्या वर दोन विमाने आदळून ७१ जण मेले. दोन्ही विमानांत टीकॅस होते आणि दोन्ही यंत्रे व्यवस्थित बोलत होती. ते आकाश झुरिकहून सांभाळले जात होते, आणि तिथे त्या वेळी एकच नियंत्रक दोन पडद्यांसमोर होता. दुसरा विश्रांतीला गेलेला. रडार यंत्रणेची देखभाल चालू होती, मुख्य फोन बंद होते, आणि उशिरा आलेले तिसरेच एक विमान उतरवण्यात तो गुंतला होता. टक्कर ओळखायला त्याच्याकडे एक मिनिटही उरले नव्हते. त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितले, त्याच विमानातल्या यंत्राने वर चढायला. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. तपासातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की रात्री एकाने काम पाहायचे आणि दुसऱ्याने पडायचे, ही तिथली जुनी रीत होती. वरिष्ठांना ती ठाऊक होती आणि इतकी वर्षे काहीच झाले नव्हते. 'काहीच झाले नाही' हा पुरावा त्या रात्री साडेअकरापर्यंत अगदी भक्कम होता. अपघातात बायको आणि मुले गमावलेल्या एका बापाने २००४ मध्ये त्या नियंत्रकाला त्याच्या घरी जाऊन मारले. ज्यांनी ती रीत चालू दिली त्या कंपनीतल्या चौघांना न्यायालयाने दोषी धरले ते २००७ मध्ये, नियंत्रक मेल्यानंतर तीन वर्षांनी.

रेल्वेतही हेच. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्या आदळून ३५ माणसे मेली. सिग्नल केबिनमध्ये एक जुनी तार सुटी राहिली होती, आणि ती ज्याच्या हातून राहिली त्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. त्याच्या हातून त्याआधी किती तारा नीट जोडल्या गेल्या असतील? हजारो. पण आकडेवारी ज्या दिवशी बोलते त्या दिवशी ती आदल्या हजार दिवसांना विचारत नाही. त्या चौकशीनंतर ब्रिटिश रेल्वेत कामाच्या तासांवर मर्यादा आल्या. ३५ माणसे गेल्यावर आलेली मर्यादा आणि राजाध्यक्षांनी कोर्टात बसून दिलेली मर्यादा, यांत आपण पहिलीची वाट का पाहावी?

आपल्याकडे ८ जून २०२४ रोजी मुंबईच्या धावपट्टीवर एअर इंडियाचे विमान अजून उड्डाणासाठी धावत असताना मागून इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान उतरले. दोन्ही सुखरूप सुटली. पाठोपाठ संबंधित नियंत्रकाला ड्यूटीवरून बाजूला केल्याची बातमी आली आणि विषय मिटला. ती घटना थकव्यामुळे घडली असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की आपल्या चर्चेला एक माणूस सापडला की तिचे समाधान होते. त्याच्या खुर्चीभोवतालचे वेळापत्रक पाहण्याची तिला गरज वाटत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि त्या एकीवरून दिवसाला नऊशेहून जास्त विमाने जातात-येतात. माझी मुलगी कोपरखैरणेला राहते. तिच्या गच्चीवरून रात्री पूर्वेकडे पाहिले की मुंबईला उतरणाऱ्या विमानांचे दिवे माळेत ओवल्यासारखे दिसतात, एकामागे एक, कधी चार, कधी पाच. नातू ते मोजतो. त्या दिव्यांतले अंतर राखणारा माणूस आता कितव्या तासाला असेल, हा प्रश्न मला तिथे नेहमी पडतो, बहुधा जुन्या सवयीने.

त्यात आता नवी मुंबई. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याच्या धावपट्टीवरून प्रवासी विमाने उडू लागली. सुरुवात जपून झाली, दिवसाचे बारा तास आणि तासाला दहाच्या आसपास विमाने. हे शहाणपणाचे होते आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरच अंतर आहे, उतरणीला लागलेल्या विमानाला ते तीन-चार मिनिटांचे. शिवाय जुहूची हेलिकॉप्टरे आहेतच. दोन दुकाने शेजारी-शेजारी उघडली तरी रस्ता एकच, तसा हा प्रकार. टर्मिनल एका कंपनीचे असले तरी दोन्हीकडचे नियंत्रक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचेच, म्हणजे कुंड एकच आणि नळ दोन. नियंत्रकाचे रेटिंग त्या-त्या जागेपुरते असते. नागपूरचा अनुभवी माणूस मुंबईला आला तर इथल्या वाटा, इथली गर्दी शिकून, परीक्षा देऊनच त्याला एकट्याने बसता येते. पहिला टप्पा वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा आणि शेवटचा नऊ कोटींचा, असे आकडे आपण अभिमानाने सांगतो. त्या नऊ कोटींमागे किती हेडसेट लागतील, याचा एकही फलक पनवेलच्या रस्त्यावर मी पाहिलेला नाही.

यंत्रांचा मुद्दा वर अर्धा येऊन गेला. उरलेला अर्धा ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत दिसला. विमानांचे प्रवास-आराखडे आपोआप नियंत्रकांपर्यंत पोहोचवणारी संदेश यंत्रणा बिघडली आणि ते हाताने तयार करायची वेळ आली. शेकडो उड्डाणे रखडली. यंत्र चालू असताना जिथे चौघे पुरतात, तिथे ते बंद पडल्यावर आठ लागतात, आणि ते आठ त्या दिवशी बाजारातून आणता येत नाहीत. यंत्राच्या भरवशावर माणसे घटवणारा, यंत्र बिघडेल त्या दिवसासाठी काहीच शिल्लक ठेवत नाही. खासगीकरणाबद्दल फार लिहीत नाही. झुरिकची ती संस्था कंपनीच होती, आणि ब्रिटनची नॅट्स ही हवाई वाहतूक नियंत्रणाची, निम्म्याहून अधिक खासगी मालकीची संस्था सप्टेंबर २०२३ मध्ये माणसांअभावी अडचणीत आलीच. मालक बदलल्याने रोस्टरमधली, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यातली, रिकामी चौकट भरत नाही.

पण त्याच नॅट्सच्या उदाहरणात मला जे हवे ते सापडते. लंडनचे गॅटविक हे मुंबईसारखेच, व्यवहारात एका धावपट्टीवर चालणारे विमानतळ. टॉवरमधले बरेच नियंत्रक एकदम आजारी पडले, तेव्हा तिथे २५ सप्टेंबरपासून आठवडाभर दिवसाला ८०० उड्डाणांची मर्यादा घातली गेली आणि कारण लपवले गेले नाही. अमेरिकेतही नोव्हेंबर २०२५ मध्ये, सरकारी कामकाज ठप्प होऊन नियंत्रक बिनपगारी काम करत असताना, चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे चार टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने कमी केली गेली. त्याच वर्षी जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर आदळून ६७ माणसे मेली होती, आणि त्या रात्री हेलिकॉप्टरांची व विमानांची पोझिशन एकाच नियंत्रकाकडे होती. कारणे अनेक होती, हेलिकॉप्टरचा मार्गच धोक्याचा आखलेला होता; तरी ती रात्र आठवत असलेल्या देशाने नऊ महिन्यांनी विमाने कमी केली, हे मला लक्षात ठेवण्याजोगे वाटते. युरोपमध्ये तर हवाई वाहतुकीचा समन्वय पाहणारी युरोकंट्रोल ही संस्था उशिराची कारणे वर्गवार नोंदवते आणि त्यांत हवामानाशेजारी 'नियंत्रकांची कमतरता' असा सरळ रकाना असतो. आपल्याकडच्या फलकावर काय येते? 'ऑपरेशनल कारणास्तव.' या दोन शब्दांत धुके, उंदीर, बिघाड आणि टंचाई सगळे मावते.

आणि विमाने कमी करणे आपल्याला परके आहे असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच मुंबईच्या गर्दीच्या तासांतली उड्डाणे ४६ वरून ४४ वर आणायला लावली होती, कारण विमाने आकाशात चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालत होती. कंपन्यांनी कुरकुर केली; मुंबई बंद पडली नाही. दिल्लीत केंद्रीय प्रवाह-नियंत्रण कक्ष आहे, तो आजही गर्दी आणि हवामान पाहून विमानांना मूळ गावीच, जमिनीवर थांबवून ठेवतो. साधन हाताशी आहे. त्याच्या हिशोबात आजच्या वॉचला, म्हणजे पाळीला, किती खुर्च्या भरल्या, हा आकडा त्याच दर्जाने घालायचा आणि तो जाहीर करायचा, एवढीच भर पडायची आहे.

भरती करा, हे सगळेच म्हणतात आणि तिथे घाई करू नका हा आक्षेपही रास्त आहे. भौतिकशास्त्र-गणित घेतलेला पदवीधर किंवा अभियंता निवडायचा, प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या केंद्रात शिकवायचा, मग प्रत्यक्ष जागेवर अनुभवी माणसाच्या शेजारी बसवून तयार करायचा, याला वर्षे जातात. शिकवणारा अनुभवी माणूसही त्याच तुटपुंज्या रोस्टरमधला असतो. प्राधिकरणाच्या जाहिराती २०२२ मध्ये ४०० जागांची, २०२३ मध्ये ४९६ आणि २०२५ मध्ये ३०९ अशा वर-खाली होत आल्या. अमेरिकेत ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावरच्या ११,३४५ नियंत्रकांना एका फटक्यात काढले; ती पोकळी भरायला दशक लागले, आणि घाईने एकदम भरलेले ते सगळे पंचवीस वर्षांनी एकदमच निवृत्तीला आले. भरती पाण्यासारखी सारखी वाहती ठेवावी लागते. आणि ती फळेपर्यंतच्या मधल्या वर्षांत काय करायचे, हाच तर वादाचा मुद्दा आहे. त्या वर्षांत विमानांची संख्या माणसांच्या संख्येमागे चालली पाहिजे.

याची किंमत आहे आणि ती सामान्य माणूसच देईल, हे मी नाकारत नाही. उड्डाणे कमी म्हणजे तिकीट महाग. ज्याला आईच्या आजारपणात तातडीने जायचे आहे त्याची जागा आधी जाते, कंपनीच्या खर्चाने जाणाऱ्याची नाही. उलव्यात-पनवेलमध्ये विमानतळाच्या नोकऱ्यांकडे डोळे लावून बसलेली, जमिनी दिलेल्यांची मुले आहेत. त्यांना 'जरा सावकाश' म्हणणे ठाण्यात पेन्शन खाणाऱ्याला सोपे जाते. तरी डिसेंबरात जे झाले तेही महागच पडले ना? फरक असा की तेव्हा लोकांना गेटवर उभे राहिल्यावर कळले. नियंत्रकांच्या संख्येवर वेळापत्रक बांधले, तर त्या कपातीतली बरीचशी आठवडाभर आधी, तिकीट काढतानाच कळेल.

परवा हे सगळे मी फेरी मारताना बोललो, तेव्हा मंडळींतले एक, ज्यांचा मुलगा बंगळुरूला असतो, थांबून म्हणाले, 'म्हणजे मुलाची शुक्रवार रात्रीची फ्लाइट जाणार तुमच्यामुळे.' जाईलही. मी त्यांना विचारले, त्या फ्लाइटचा वैमानिक दुसरी ड्यूटी ओढत असेल तर मुलाला बसवाल का? ते लगेच नाही म्हणाले. मग टॉवरमधल्या माणसाचे? यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढची फेरी आम्ही बरीच हळू मारली.